बोट, बल्ब आणि सोळा पायांची चिप

जुन्या रेडिओ मेकॅनिककडे एक झटपट परीक्षा असे. मुका झालेला सेट समोर आला की मागचं झाकण काढायचं, सेट चालू करायचा आणि व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या टोकाला बोट लावायचं. स्पीकरमधून ‘भँऽऽ’ असा जाड आवाज आला, तर तिथून पुढचं सगळं ठीक आणि दुखणं मागे. आवाज आला नाही, तर दुखणं पुढे. मीटर नाही, नकाशा नाही, दोन सेकंदांत अर्धा सेट तपासून मोकळा.

तो ‘भँऽऽ’ येतो कुठून? घराच्या भिंतींमधून ५० हर्ट्झची वीज खेळत असते. आपलं अंग तिच्यासाठी अँटेनासारखं वागतं आणि तिचा किंचितसा अंश बोटाच्या टोकातून अँप्लिफायरमध्ये उतरतो. म्हणजे बोट हा जगातला सगळ्यात स्वस्त सिग्नल जनरेटर. (हा प्रयोग बॅटरीवर चालणाऱ्या सेटवरच करा. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या काही जुन्या व्हॉल्व्ह सेटच्या चासीवर थेट मेन्सची वीज असते. मेकॅनिकला ते ठाऊक होतं, आपल्याला नसतं.)

बोटाची अडचण एवढीच की त्याला एकच सूर येतो. तोही किती मोठा आणि कोणत्या आकाराचा, हे आपल्या हातात नसतं. मल्टिमीटर घ्यावा तर तो नुसता श्रोता: सर्किट जे बोलेल ते ऐकून आकडा सांगतो. पण गप्प बसलेल्या सर्किटचं काय ऐकणार? त्याला काहीतरी विचारावं लागतं. ‘हा एक हजार हर्ट्झचा सूर घे, दुसऱ्या टोकाला काय देतोस?’ असा नेमका प्रश्न विचारणारं यंत्र म्हणजे सिग्नल जनरेटर. त्याला तीन गोष्टी जमायला हव्यात: वारंवारता बदलणं, उंची म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करणं आणि तरंगाचा आकार निवडणं. तयार बेंच जनरेटर हे सगळं छान करतो आणि किंमतही तशीच सांगतो. हजार रुपयांच्या आत मिळणारं किट हेच जरा वेंधळेपणाने करतं. या प्रकरणात आपण ते किट जोडणार आहोत. त्यातला वेंधळेपणा कुठे आहे हे शोधण्यातच खरी मजा आहे.

त्याआधी थोडं मागे जाऊ, कारण स्वस्त सिग्नल जनरेटरची गोष्ट एका गॅरेजमधून सुरू होते.

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावी ३६७, ॲडिसन ॲव्हेन्यू या पत्त्यावर बिल ह्युलेट आणि डेव्ह पॅकार्ड या दोन मित्रांनी ५३८ डॉलरच्या भांडवलावर धंदा मांडला. त्यांचं पहिलं खरंखुरं उत्पादन होतं ऑडिओ ऑसिलेटर, मॉडेल २००ए. ते ह्युलेटने स्टॅनफर्डमध्ये केलेल्या कामातून आलं होतं. मॉडेलला २०० हा आकडा दिला तो कंपनी आजकालची वाटू नये म्हणून. किंमत ठेवली ५४ डॉलर ४० सेंट. हा आकडा कोणत्याही हिशेबातून आला नव्हता. ‘चोपन्न अंश चाळीस मिनिटं, नाहीतर लढाई’ अशी अमेरिकेच्या वायव्य सीमेच्या वादातली एक जुनी घोषणा होती, तिच्यावरून तो उचलला. एवढ्या पैशांत यंत्र बनवणंही परवडत नाही, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. तरी गिऱ्हाइकं आली. ‘फँटेशिया’ या चित्रपटाच्या ध्वनिव्यवस्थेसाठी वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने सुधारित मॉडेल २००बी ची आठ यंत्रं घेतली, प्रत्येकी साडेएकाहत्तर डॉलरला.

यंत्र स्वस्त झालं ते एका विजेच्या बल्बमुळे, आणि ही युक्ती थांबून समजून घेण्यासारखी आहे. ऑसिलेटर म्हणजे स्वतःचाच आवाज पुन्हा स्वतःच्या कानात सोडणारा अँप्लिफायर. लग्नाच्या मांडवात माइक स्पीकरसमोर आला की जी किंकाळी फुटते, तीच गोष्ट शिस्तीत केलेली. शिस्त राखणं मात्र अवघड. परत येणारा आवाज जरा कमी पडला तर सूर विझतो, जरा जास्त झाला तर फुगत जाऊन त्याची टोकं कापली जातात आणि गोलाई जाते. ह्युलेटने वीन ब्रिज नावाच्या सर्किटमध्ये एक साधा बल्ब बसवला. सूर मोठा झाला की बल्बमधून जास्त प्रवाह जातो, तार तापते, तापलेल्या टंगस्टनचा रोध वाढतो आणि अँप्लिफायरचा जोर आपोआप उतरतो. सूर लहान झाला की तार निवते आणि जोर पुन्हा चढतो. दुसऱ्यांना ज्या कामासाठी गुंतागुंतीची सर्किटं लागत होती, ते काम एका बल्बने केलं.

आपल्या किटमध्ये बल्ब नाही. तिथे आहे एक्सआर २२०६ नावाची सोळा पायांची चिप. एक्झार या कंपनीने ती फार पूर्वी काढली. ती कंपनी २०१७ मध्ये मॅक्सलिनिअरने विकत घेतली, चिप मात्र स्वस्त किटांच्या रूपाने जगभर फिरते आहे. किटमधल्या चिपवर एक्झारचं नाव छापलेलं असलं, तरी ती त्याच कारखान्यातून आली असेल असं समजू नका. आपल्या कामाला चालते, एवढं पुरे.

ही चिप सूर वेगळ्या वाटेने काढते. एखाद्या पिंपात नळ अगदी एकसारख्या धारेने सोडला तर पाण्याची पातळी सरळ रेषेत चढते. पिंप भरलं की तेवढ्याच धारेने ते रिकामं करा, पातळी सरळ रेषेत उतरेल. चढ, उतार, चढ, उतार: झाला त्रिकोणी तरंग. इथे पिंप म्हणजे पाच आणि सहा नंबरच्या पायांमध्ये लावलेला कपॅसिटर. धार किती जाड ते ठरवतो सात नंबरच्या पायाला लावलेला रेझिस्टर. पिंप मोठं किंवा धार बारीक, तर फेरा सावकाश. म्हणून हिशेब सोपा: वारंवारता म्हणजे एक भागिले रोध गुणिले धारिता. ०.१ मायक्रोफॅराड आणि १० किलोओहम घ्या, बरोबर १००० हर्ट्झ. कपॅसिटर दहापट लहान केला की १० किलोहर्ट्झ, दहापट मोठा केला की १००.

मग साइन तरंग? त्रिकोणाची टोकं घासून गोल केली की तो जवळजवळ साइन दिसतो. चिपच्या पोटात ट्रान्झिस्टरची एक जोडी आहे. त्रिकोण टोकाकडे जाऊ लागला की ती दमू लागते आणि उंची पूर्ण चढू देत नाही. ही जोडी किती लवकर दमावी, हे तेरा आणि चौदा नंबरच्या पायांमधला एक छोटा रेझिस्टर ठरवतो. तो काढून टाकला की पुन्हा टोकदार त्रिकोण. किटवर साइन आणि त्रिकोण निवडायचा जो जंपर असतो, तो एवढंच काम करतो. चौकोनी तरंगासाठी मात्र वेगळी तोटी आहे, अकरावा पाय. पिंप भरतंय की रिकामं होतंय, एवढंच तो सांगतो.

आता जोडणी. किट ऑनलाइन मिळतं. सुटे भाग हवे असतील तर मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहेच. हत्यारं थोडी: २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न, ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असलेली बारीक तार, एक कटर, एक मल्टिमीटर. शिशाची तार हाताळल्यावर हात धुवायचे आणि धूर तोंडाजवळ येऊ द्यायचा नाही.

आधी बुटके भाग, मग उंच. रेझिस्टर, चिपचा सॉकेट, लहान सिरॅमिक कपॅसिटर, त्यांच्यानंतर डब्यासारखे इलेक्ट्रोलिटिक, शेवटी पॉट, म्हणजे फिरवायचे रेझिस्टर, आणि टर्मिनल. उलटं केलं तर बोर्ड पालथा ठेवताना बुटके भाग खाली घसरतात. रेझिस्टरचे रंग वाचता येत असले तरी प्रत्येक नग मीटरवर मोजून घ्या, कारण हल्लीच्या निळ्या अंगाच्या रेझिस्टरवर तपकिरी आणि लाल यांतला फरक ट्यूबलाइटखाली कळत नाही. सिरॅमिकवर १०४ लिहिलेलं असेल तर ते १० च्या पुढे चार शून्यं इतके पिकोफॅराड, म्हणजे ०.१ मायक्रोफॅराड. इलेक्ट्रोलिटिकचा लांब पाय धन आणि अंगावर पट्टा असलेली बाजू ऋण. तो उलटा बसला तर तापतो, फुगतो आणि कधी फुटतोही. सॉकेटची खाच बोर्डावरच्या चित्रातल्या खाचेशी जुळवा. मी एकदा सॉकेट उलटा सोल्डर केला होता. सोळा पाय उपसण्यापेक्षा शहाणपणाचं काम हे की सॉकेट तसाच ठेवायचा, चिप मात्र बोर्डावरची खाच बघून बसवायची. विजेला सॉकेटचं तोंड कुठे आहे याच्याशी देणंघेणं नाही.

सोल्डर करताना आयर्नचं टोक बोर्डावरची चकती आणि भागाचा पाय, दोघांनाही एकाच वेळी टेकवायचं, दोन सेकंद तापवायचं आणि मग तार लावायची. सोल्डर चकतीवर पसरून पायाभोवती डोंगरासारखा चढला की जोड पक्का. पाण्याच्या थेंबासारखा गोल बसला, तर तो वरवर टेकलाय, धरलेला नाही. न चालणाऱ्या किटांत बहुतेकदा दोष या थेंबांचाच असतो.

किटसोबत ॲक्रिलिकची पेटी येते. तिचे तुकडे तपकिरी कागदात गुंडाळलेले असतात आणि पेटी तपकिरीच असते असं समजून ती तशीच जोडणारे लोक मी पाहिले आहेत. कागद नखाने सोलून काढा, आत स्वच्छ काचेसारखं आहे.

पेटी बंद करायची घाई मात्र नको, कारण आता चाचणी. किटवर ९ ते १२ व्होल्ट लिहिलेलं असतं. चिपच्या डेटाशीटमध्ये मात्र किमान १० व्होल्ट सांगितलेत आणि कमाल २६. तेव्हा १२ व्होल्टचा ॲडाप्टर द्या. चिप न बसवता आधी वीज द्या आणि सॉकेटवर चौथ्या आणि बाराव्या पायांमध्ये १२ व्होल्ट आहेत का बघा: चौथा धन, बारावा ऋण. मगच वीज काढून चिप बसवा.

इथे नवखा माणूस एका सापळ्यात सापडतो. तो मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवतो, १० किलोहर्ट्झचा पट्टा निवडतो, मीटर काहीतरी भलताच आकडा दाखवतो आणि किट मेलं असं ठरतं. किट ठणठणीत असतं. स्वस्त मल्टिमीटरचा एसी पट्टा घरगुती विजेसाठी बनवलेला असतो आणि चारएकशे हर्ट्झच्या पुढे त्याचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं. १०० हर्ट्झवर आणा, आकडा शहाण्यासारखा येईल. दुसरा सापळा स्पीकरचा. आठ ओहमचा स्पीकर थेट लावला की जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, कारण जनरेटरच्या साइनच्या तोटीला सुमारे ६०० ओहमचा अंतर्गत रोध आहे. तीन व्होल्टच्या सुरातले जेमतेम ४० मिलिव्होल्ट स्पीकरच्या वाट्याला येतात. मध्ये छोटा अँप्लिफायर हवा. संगणकाचे जुने स्पीकर उत्तम चालतात.

तिसरी गोष्ट सापळा नाही, धोका आहे. चौकोनी तरंग शून्यापासून जवळजवळ ॲडाप्टरच्या व्होल्टेजपर्यंत उडी मारतो. तो थेट आर्डुइनोसारख्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या पायाला किंवा लॅपटॉपच्या माइकच्या भोकात दिलात, तर प्रयोग तिथेच संपतो. १५ किलोओहम रांगेत आणि १० किलोओहम जमिनीला असा विभाजक केला की १२ चे पाचाच्या आत येतात. साइनच्या तोटीवरही डीसी व्होल्ट मोजून बघा. चिप आपला तरंग अर्ध्या व्होल्टेजभोवती फिरवते. मीटरने सहाएक व्होल्ट डीसी दाखवलं, तर पुढे १० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर घालून तो अडवा, धन बाजू जनरेटरकडे.

बॉक्सवर मोठ्या अक्षरांत ‘१ मेगाहर्ट्झ’ लिहिलेलं असतं. हा आकडा खोटा नाही, पण त्याच्याकडे जरा भुवई उंचावून बघावं. डेटाशीटप्रमाणे सर्वांत लहान कपॅसिटर १००० पिकोफॅराड आणि सर्वांत लहान रेझिस्टर १ किलोओहम. सूत्रात घाला, उत्तर येतं बरोबर दहा लाख हर्ट्झ. म्हणजे दोन्ही बाजूंनी भिंतीला टेकल्यावर ही चिप तिथे पोचते. चौकोनी तरंगाला शून्यावरून वर चढायलाच २५० नॅनोसेकंद लागतात आणि १ मेगाहर्ट्झचा पूर्ण फेरा असतो १००० नॅनोसेकंदांचा. एक चतुर्थांश वेळ चढण्यात गेल्यावर त्याला चौकोन कसला म्हणायचं! शंभर किलोहर्ट्झपर्यंत हे किट गुणी आहे, पुढे सोसून घ्यायचं.

साइनची शुद्धता मात्र सुधारता येते. डेटाशीट सांगते की तेरा-चौदामध्ये २०० ओहमचा ठराविक रेझिस्टर ठेवला तर विकृती अडीच टक्क्यांच्या आत राहते. त्याजागी ५०० ओहमचा प्रीसेट, म्हणजे फिरवून जुळवायचा छोटा रेझिस्टर, बसवला, पंधरा-सोळामध्ये २५ किलोओहमचा प्रीसेट लावून त्याचा मधला पाय जमिनीला जोडला आणि दोन्ही आळीपाळीने जुळवले, की ती अर्ध्या टक्क्यापर्यंत उतरते. ऑसिलोस्कोप नसला तरी कान आहे. साधारण ३०० हर्ट्झचा सूर लावा आणि प्रीसेट फिरवा. त्रिकोणात एक बारीक सनईसारखी किनार असते. ती विरघळून सूर बोथट, पोकळ झाला की थांबा. संगीत शिकलेल्या माणसाला हे काम आपल्यापेक्षा लवकर जमतं, असा माझा अनुभव आहे.

कानाचा दुसरा उपयोग मापनासाठी. किटच्या पॉटवर आकडे नसतात. असते तरी उपयोग नव्हता, कारण सिरॅमिक कपॅसिटर वीस टक्के इकडेतिकडे असतात. मोबाइलवरच्या ट्यूनरमधून ४४० हर्ट्झ वाजवा, म्हणजे पेटीची पांढरी सहा. शेजारी जनरेटर वाजवून पॉट हळूहळू फिरवा. सूर जवळ आले की आवाज लाटांसारखा चढू-उतरू लागेल. पाठ्यपुस्तकातले विस्पंद ते हेच. सेकंदाला दोन लाटा मोजल्या, तर तुम्ही दोन हर्ट्झने चुकताय, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तंबोरा लावणारा तारेवर हेच ऐकत असतो.

एवढा काटेकोरपणा नेहमीच लागत असेल, तर मात्र ही चिप सोडा. एडी ९८३३ हे छोटं मॉड्यूल २५ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर चालतं, तरंग आकड्यांतून रचतं आणि हर्ट्झच्या दहाव्या भागाइतक्या पायऱ्यांनी वारंवारता बदलतं. पण त्याला आर्डुइनोसारखा कोणीतरी हुकूम देणारा लागतो. शिवाय त्यात पिंप नाही, धार नाही, हाताने फिरवून कळेल असं काहीच नाही. शिकायला मी आधी एक्सआर २२०६ च देईन.

आता बंद पडलेला अँप्लिफायर समोर घ्या. १००० हर्ट्झचा साइन, अगदी छोटा. जनरेटरच्या तोटीत ०.१ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर घालून, म्हणजे सर्किटचे डीसी व्होल्ट बिघडणार नाहीत. जमिनी एकमेकांना जोडा आणि स्पीकरच्या बाजूने सुरुवात करून एकेक टप्पा मागे जा. दर टप्प्याला सूर मोठा होत गेला पाहिजे. जिथे तो अचानक नाहीसा होईल, ती जागा आणि त्याआधीची जागा यांच्या मध्ये दोष आहे. बोटाने जी विभागणी दोन भागांत होत होती, ती आता हव्या तितक्या भागांत होते.

शेवटी एक खेळ, ज्यांच्याकडे मध्यम लहरींवर आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झला लागतं त्यांच्यासाठी. चौकोनी तरंग एकटा नसतो. त्याच्या पोटात तिप्पट, पाचपट, सातपट, नऊपट असे विषम पटीतले सूर दडलेले असतात. जनरेटर ८८ किलोहर्ट्झच्या आसपास आणा, चौकोनी तोटीला वीतभर तार लावा आणि ती ट्रान्झिस्टर रेडिओजवळ नुसती ठेवा. कुठल्याही अँटेनाला जोडू नका, शेजाऱ्याचा रेडिओ आपला नाही. ८८ ची नऊपट ७९२. पॉट अगदी सावकाश फिरवा. निवेदकाच्या आवाजावर एक शीळ उमटेल, ती खाली उतरत जाईल, घुमेल आणि क्षणभर नाहीशी होईल. त्या क्षणी तुमचं किट केंद्राच्या प्रक्षेपकाशी जुळलेलं असतं. ८८ किलोहर्ट्झवर शंभर हर्ट्झची चूक इथे नऊशे हर्ट्झची शीळ होऊन ऐकू येते.

शीळ थांबली की हात काढून घ्या आणि बोर्डावरच्या छोट्या कपॅसिटरवर तोंडाने हलकी फुंकर घाला. तो एखादा अंश तापेल आणि शीळ पुन्हा वर सरकू लागेल.